वाडा पडतो तेव्हा कोण मोजलं जातं?

तुम्ही विचारलंय, "जेंट्रिफिकेशन म्हणजे काय, आणि पुण्यात ते दिसतं का?"

हा शब्द रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1964 साली लंडनबद्दल लिहिताना वापरला. कामगारांच्या वस्तीत पैसेवाले घरं घेऊन ती नीटनेटकी करतात, आणि हळूहळू जुन्या रहिवाशांना तिथे परवडेनासं होतं. बाणेर-बालेवाडीला मी हा शब्द लावणार नाही, तिथे शेतांवर शहर उभं राहिलं. पेठांत मात्र तो लागू पडतो, फक्त इथे वाडा नीटनेटका होत नाही, पाडला जातो.

आम्ही नारायण पेठेत भाडेकरू. दोन खोल्या, संडास चौकापलीकडे, भाडं 45 रुपये. 1947 च्या कायद्याने भाडी गोठलेली, त्यामुळे मालकाकडेही दुरुस्तीला पैसा नाही. पावसाळ्यात पातेली मांडून झोपायचो. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, म्हणजे आमच्या भाड्यावर दोन रुपयेसुद्धा नाहीत. जागेचा भाव मात्र गगनाला भिडलेला. बिल्डर येणारच होता.

नव्या इमारतीत भाडेकरूंना जागा मिळाली. म्हणून लोक विचारतात, मग बेघर कोण झालं? दिंडी दरवाजाशेजारी जिन्याखाली एक मामा कोळशाची इस्त्री चालवायचे. निम्म्या वाड्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. शाळेतून आलो की आधी मामा, मग घर. त्यांच्याकडे भाडेपावती नव्हती, म्हणून यादीत नावही नव्हतं. त्या जागी आता पार्किंग आहे.

पावतीवाल्यांचंही सगळं ठीक झालं नाही. लिफ्ट, मोटार, वॉचमन धरून मेंटेनन्स महिना 2,800 रुपये. शेजारच्या काकू एकट्या, तुटपुंज्या पेन्शनवर. दोन वर्षांत फ्लॅट विकून धायरीला गेल्या. मंडई, डॉक्टर, देऊळ सगळं चालत करणाऱ्या काकू आता प्रत्येक कामाला बस धरतात.

तुमचा वाडा डेव्हलपमेंटला जात असेल, तर सहीआधी मेंटेनन्सचा आकडा लेखी मागा. आणि पावती नसलेल्यांची नावं पहिल्याच बैठकीत मांडा. आमच्या बैठकीत मी तेवीस वर्षांचा होतो. मामांचं नाव ओठावर आलं होतं, मी काढलं नाही.