उंबरठ्याबाहेरचे व्हॅम्पायर

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी वर्षभर व्हॅम्पायरच्या इंग्रजी कादंबऱ्यांत बुडालेली आहे. ‘यांतली मुले माझ्यासारखीच आहेत’ असे ती म्हणते. रक्त पिणाऱ्या मढ्यांत तिला स्वतःचे काय दिसत असेल? आणि हे आपल्या वेताळाचेच भाईबंद ना?
– एक पालक, नाशिक

उत्तर : वेताळाचे आधी निकाली काढू. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ या नावाने काढले आणि दोघांची गल्लत झाली. कथेतला वेताळ राजाला अडवतो तो उत्तरासाठी, रक्तासाठी नव्हे. कोकणातल्या आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, तर भक्तांनी वाहिलेल्या चपला घालून गावाची राखण करतो, अशी श्रद्धा आहे.

आपल्या मुलीचा व्हॅम्पायर निराळा आहे. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला (१८९७) हा परदेशातून आलेला सरदार होता; आजचा व्हॅम्पायर वर्गात शेजारच्या बाकावर बसतो. स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’मधला (२००५) एडवर्ड १९०१ साली जन्मला, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरणाच्या दारातून व्हॅम्पायर होऊन परतला आणि तेव्हापासून सतराच वर्षांचा राहिला. त्याचे कुटुंब माणसांऐवजी जनावरांची शिकार करते आणि थट्टेने स्वतःला शाकाहारी म्हणवते. (आपल्याकडच्या घरांत हा विनोद जरा जास्तच पोहोचतो.) शरीर एक मागते आणि मन दुसरेच ठरवते, ही ओढाताण सोळाव्या वर्षी कुणाला परकी वाटेल?

तरीही या विषयाचा खरा ठाव मला योन आयविदे लिंडक्विस्ट यांच्या ‘लेट द राइट वन इन’ या २००४ च्या स्वीडिश कादंबरीत लागतो. स्टॉकहोमच्या ब्लॅकेबर्ग या उपनगरात, १९८१ साली, शाळेत रोज छळला जाणारा बारा वर्षांचा ऑस्कर शेजारी राहायला आलेल्या एलीशी मैत्री करतो. एली दिसते बारा वर्षांची, पण जगत आली आहे सुमारे दोनशे वर्षे; आणि ‘मी मुलगी नाही’ असे ती ऑस्करला सांगते, तेव्हा ते लाजून म्हटलेले वाक्य नसून शब्दशः खरे असते. ‘आत ये’ असे म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला घरात पाऊल टाकता येत नाही, हा जुना लोकसमज लेखकाने येथे नेमका वापरला आहे. ऑस्कर मुद्दाम बोलावत नाही, एली तरीही आत येते आणि तिच्या अंगातून रक्त वाहू लागते. भेदरलेला ऑस्कर तेव्हा कुठे तिला आत घेतो. जे आहे ते लपवून दारात उभे राहायचे आणि समोरचा ‘ये’ म्हणेल का, याची वाट पाहायची, हे त्या वयाचे इतके अचूक चित्र मी वास्तववादी कादंबऱ्यांतही क्वचितच पाहिले आहे.

याउलट ‘ट्वायलाइट’चा एडवर्ड नायिका बेलाच्या खोलीत रात्री न विचारता शिरतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे पाहत राहतो. कादंबरी ते प्रेम म्हणून मांडते आणि मला ते खटकते. मुलीला उपदेश न करता या प्रसंगाबद्दल तिचे मत विचारावे. स्वीडिश कादंबरी मात्र प्रौढांसाठी लिहिलेली आहे आणि तिच्यात बालकांच्या लैंगिक शोषणाचे उल्लेख आहेत, म्हणून ती मुलीच्या हाती देण्याआधी आपण स्वतः वाचावी.