हाशिमा बेटावर कोळसा कंपनीने वसवलेल्या गावाचा इतिहास काय? त्या इमारती आज कशा आहेत?

मी हर्णैचा. जहाजावर इंजिनात उभा जन्म गेला. एकदा बोट नागासाकीच्या गोदीत दुरुस्तीला लागली होती, तेव्हा सुट्टी काढून हाशिमा पाहून आलो. त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

मित्सुबिशीने 1890 मध्ये बेट घेतलं ते समुद्रतळाखालच्या कोळशासाठी. भराव घालघालून वाढवलं तरी 6.3 हेक्टरच भरलं, म्हणजे साडेपंधरा एकर. 1959 मध्ये तेवढ्यात 5,259 माणसं राहत होती. शाळा, दवाखाना, सिनेमा सगळं तिथेच. पसरायला जागा नाही म्हणून उभं बांधत गेले. 30 नंबरची सात मजली चाळ 1916 ची, काँक्रीटची. पुढे तेलाचे दिवस आले, 1974 च्या जानेवारीत खाण बंद पडली आणि एप्रिलपर्यंत बेट ओस.

आता इमारतींचं. आमच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा दादाने त्याच्या अर्ध्या भागातला जांभा पाडून स्लॅब टाकला. मी म्हटलं, दादा, समुद्र दोनशे पावलांवर आहे, शिगा खाईल. तो म्हणाला, "तू बोटीवरचा, तुला घरातलं काय कळतंय?" माझ्या अर्ध्यात चिरा, चुना आणि मंगलोरी कौलं तशीच राहिली.

हाशिमाला धक्क्यावर उतरलो आणि पहिल्यांदा दादाच आठवला. तुळयांखालचं काँक्रीट सोलून पडलेलं, आतल्या सळ्या उघड्या, बोट लावलं तर पापुद्रे सुटतील अशा. (बोट लावू देत नाहीत. ठरलेल्या वाटेवरूनच फिरवतात.) खारं वारं सळीपर्यंत पोचलं की ती गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. हे इंजिनवाल्याला शिकवायला नको. आणि त्याच बेटावर आधीच्या काळातला दगडी बांध आहे, चुना आणि लाल माती कालवून सांधलेला. तो बऱ्याच ठिकाणी अजून लाटा झेलतोय. 2015 मध्ये युनेस्कोने जो वारसा मानला तो 1910 पर्यंतचा, म्हणजे हे बांध आणि खाणीचे अवशेष. ज्या चाळींचे फोटो जगभर फिरतात त्या त्यात नाहीत! मी तिथून दादाला फोटो पाठवले. उत्तर आलं नाही.

एक राहिलंच. युद्धकाळात तिथे कोरियन आणि चिनी माणसांना जबरदस्तीने आणून राबवलं. तेव्हा कंपनीने गाव कसं छान बांधलं वगैरे कौतुक जरा जपून करा.

आणि दादाच्या बाजूने सांगायचं तर, 3 जून 2020 ला निसर्ग वादळात माझी कौलं पत्त्यांसारखी उडाली. आम्ही सगळे, म्हातारी आईसुद्धा, दादाच्या स्लॅबखाली रात्रभर बसलो होतो. त्याच साली तिकडे 30 नंबरच्या भिंतीचा मोठा भाग कोसळला, पण त्या रात्री हे सांगायची सोय नव्हती.

जायचं असेल तर नागासाकीहून बोटी सुटतात, लाटा असल्या की उतरवत नाहीत. आणि तुम्ही कोकणात किनाऱ्याला घर बांधणार असाल तर आमच्या पडवीत उभे राहून वर बघा. दादाच्या बाजूला छताला दोन वीत लांब तडा गेलाय, त्यातून लाल पाणी झिरपतं. दादा म्हणतो, रंगाचा डाग आहे.