सुवर्णदुर्ग १७५५ टेबलावर: दर डाव इंग्रजच का जिंकतात

प्रश्न थोडक्यात असा: हर्णेतले चौघं टेबलावर लढाईचा खेळ खेळतात, ६ बाय ४ फुटांचं टेबल, १:७२ चे (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे) प्लास्टिकचे सैनिक, विषय इंग्रज कमोडोर विल्यम जेम्सचा एप्रिल १७५५ मधला तुळाजी आंग्र्यांच्या सुवर्णदुर्गावरचा हल्ला. चार डाव झाले, चारही वेळा इंग्रज तिसऱ्या-चौथ्या टर्नला जिंकले. जेम्सच्या तोफांचे फासे कमी करावेत का?

फासे आहेत तसे राहू द्या. घोळ टेबलाचा आहे. तुम्ही लिहिलंय तसं निळं कापड अंथरलं, मधोमध किल्ला ठेवला की तोफेला कुठूनही सगळं दिसतं. मग ज्याच्याकडे तोफा जास्त तो जिंकणारच. प्रत्यक्षात जेम्स आधी समुद्राच्या बाजूने दिवसभर गोळे मारत होता आणि हाती काही लागलं नाही, कारण तिकडे तटाखाली अख्खा खडक आहे. दुसऱ्या दिवशी तो बेट आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात शिरला, तेव्हा डाव फिरला. तुमच्या टेबलावर हे पाणीच नाही.

आधी स्केल. जेम्सचं ४४ तोफांचं जहाज 'प्रोटेक्टर' ४० मीटर लांब धरलं तर १:७२ मध्ये ते ५५ सेंटिमीटर होतं. अशी दोन जहाजं ठेवलीत की टेबल भरलं. जहाजांचा डाव १:७०० मध्ये खेळा: तेच जहाज पावणेसहा सेंटिमीटर, मोठी गुराब (आंग्र्यांचं मोठं लढाऊ जहाज) चार-सव्वाचार. किनारा सुमारे पाव मैलावर, म्हणजे टेबलावर साधारण ५७ सेंटिमीटर. १:७२ चे सैनिक किनाऱ्यावर उतरण्याच्या वेगळ्या डावाला ठेवा, पण ते १८५७ चे शिपाई असतील तर शंभर वर्षांनी पुढचे आहेत हे लक्षात असू द्या.

आता पाणी. किनारा आणि बेट यांच्या दोन्ही कडांनी काथ्याची दोरी सोडा. दोरीच्या आत उथळ. एक टर्न १५ मिनिटांची धरा, एकूण १६ टर्न, म्हणजे ओहोटीतले चार तास. दर चौथ्या टर्नला दोन्ही दोऱ्या खोल पाण्याकडे ५ सेंटिमीटर सरकवा. मोठं जहाज दोरीवर गेलं की एक फासा: १ किंवा २ पडला तर रुतलं. रुतलेलं जहाज जिकडे कूस (तोफांची बाजू) आहे तिकडेच मारू शकतं. गलबतं दोरीवरून बिनधास्त जातात. उधाणाचा दिवस धरलात तर ५ ऐवजी ८ सेंटिमीटर, भांगाचा (भरती-ओहोटीत फरक कमी) असेल तर ३. हे तुम्हाला सांगायला नको.

वारा फाशावर सोडू नका. टर्न १ ते ५ मतलई (जमिनीवरून येणारा), ६ ते ८ पडेल, ९ पासून खारा (समुद्रावरून येणारा). पडेल वाऱ्यात मोठं जहाज जागचं हलत नाही. गुराबीला दोन गलबतं जोडली तर ती ओढून ८ सेंटिमीटर नेतात. शिडावर चांगल्या वाऱ्यात सगळ्यांना १५ सेंटिमीटर. (तीन नॉटने १५ मिनिटांत जहाज १:७०० वर दोन मीटर जाईल, म्हणजे टेबलाच्या बाहेर. वेळ आणि अंतर जुळवायच्या नादाला लागू नका, डाव मरतो.) क्रम पत्त्यांनी ठरवा: लाल निघाला तर इंग्रजांचं एक जहाज, काळा निघाला तर तुळाजीचं.

पल्ले: मोठ्या तोफा ५० सेंटिमीटर, गुराबीच्या नाळेवरच्या (पुढच्या टोकावरच्या) ९ ते १२ पौंडी गोळ्याच्या ४०, गलबतांच्या २ ते ४ पौंडी २०, बंदुका १२. चार तोफांना एक फासा, त्यामुळे 'प्रोटेक्टर'च्या एका कुशीला पाच. जवळून ४, ५ किंवा ६ पडला तर लागला, मध्यम पल्ल्याला ५ किंवा ६, लांबून फक्त ६. किल्ल्याच्या पश्चिम बाजूला ६ पडल्यावर पुन्हा ६ लागेल. पूर्वेला नेहमीसारखं. जहाज तटापासून १२ सेंटिमीटरच्या आत नांगरलं तर डोलकाठ्यांवरच्या बंदूकवाल्यांमुळे तटावरचे गोलंदाज निम्म्याच फाशांनी मारतील.

उखळी तोफांची दोन जहाजं ('व्हायपर' आणि 'ट्रायम्फ') दर दुसऱ्या टर्नला एकेक गोळा टाकतात. दोन फासे, दोन्ही ६ आले तर छपरं पेटून दारूकोठार उडालं. किल्ला खरंच तसाच पडला होता. तुम्ही बहुतेक ११ आणि १२ दोन्हींवर उडवताय. तीन पट फरक पडतो. फक्त १२ वर ठेवलंत तर १६ गोळ्यांत एकदा तरी उडण्याची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास राहते. इंग्रजाला आशा लावायला तेवढी पुरे.

नानासाहेब पेशव्यांचं आरमार जेम्सच्या बाजूला होतं, 'मराठे विरुद्ध इंग्रज' असा हा डावच नाही. इंग्रजी वृत्तांत म्हणतात की ते तोफेच्या पल्ल्यात यायला राजी नव्हतं. इंग्रजांचंच लिहिणं ते, सगळंच खरं धरू नका. पण टेबलावर मजा येते: दर टर्नला ५ किंवा ६ पडला तरच पेशव्यांची जहाजं पुढे सरकतील.

तुळाजीच्या खेळाडूने इंग्रजांना बुडवायचा हट्ट सोडायला हवा. त्याची जीत म्हणजे सोळाव्या टर्नपर्यंत किल्ला राखणं, किंवा निम्म्या गुराबी दक्षिण कडेने बाहेर काढणं. आरमार तसंच निसटलं होतं, वारा पडलेला, गलबतं ओढतायत, शिडाला जोड म्हणून कपडे नि पागोटी लावलेली. लढायचंच असेल तर आंग्र्यांच्या जुन्या रीतीने: गुराबी शत्रूच्या पिछाडीला, तिन्ही डोलकाठ्या एका रेषेत दिसल्या की नाळेच्या तोफा डोलकाठ्यांवर. पट्टी लावून रेष जुळली तर फाशाला १ वाढवा. डोलकाठी पडल्याशिवाय गलबतं चढाईला पाठवू नका. पाठवलीत तर एकाच ब्रॉडसाइडला (एका कुशीच्या सगळ्या तोफा एकदम) चार जातात.

गुराब बनवायला आइस्क्रीमच्या काड्यांचे तीन थर पुरतात. नाळ लांब, टोकदार आणि सखल ठेवा. तिच्यामागे आडवी फळी, फळीत दोन छिद्रं, त्यातून तोफा पुढे. सगळे नाळ युरोपी जहाजासारखी उंच करतात, तिथेच गुराब ओळखू येत नाही. शिडांना ट्रेसिंग पेपर. दोरखंडाला सुती दोरा नको: पावसाळ्यात आखडतो आणि डोलकाठ्या वाकवतो, मार्चमध्ये सैल पडून लोंबतो. पॉलिएस्टर किंवा जुन्या मोटरच्या वाइंडिंगची बारीक तार घ्या.

जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर आणि मॅट व्हार्निश मारू नका, हवेतल्या ओलीने पांढुरकं धुकं बसतं. ब्रशने लावायचं प्रायमर वापरा. सुपरग्लूही याच दिवसांत सांध्याभोवती पांढरा होतो. बेसला लोखंडी वॉशर लावलेत तर खारी हवा दोन पावसाळ्यांत रंगाखालून गंज बाहेर काढते, आधी दोन हात व्हार्निश द्या. थर्माकोलच्या किल्ल्यावर स्प्रे थेट बसला की तट वितळतो. अगोदर फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून दोन हात द्या, मग ॲक्रिलिक. दगडाचा रंग फोटोवरून घेऊ नका, पावसाळा संपला की बंदरातून होडीने जा आणि पूर्वेचा तट ओहोटीला बघा. भरतीच्या रेषेखाली शेवाळ आणि कालवांचा पट्टा असतो, तो रंगवलात की दोरी कुठे ठेवायची तेही आपोआप कळेल.