विसरण म्हणजे विसरणं नव्हे, आणि पसरणं तर नव्हेच

प्रश्न असा आलाय: 'मिश्र द्रावकांतील विद्राव्याचे विसरण' असं एका प्रबंधाचं शीर्षक वाचलं. विसरण म्हणजे तर विस्मरण. मग 'प्रसरण' हा ओळखीचा शब्द का घेऊ नये?

नको, अजिबात नको. उन्हात रूळ लांबतो ते प्रसरण. रेणू आपसूक सरत दाटीकडून विरळाकडे जातात ते विसरण, इंग्रजीतलं डिफ्यूजन. उदबत्तीचा वास माजघरात पोचला तरी प्रसरण, साखर न ढवळता पाण्यात भिनली तरी प्रसरण, असं हल्ली शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकावं लागतं, आणि दर वेळी कानाला खटकतं.

भूल पडणं या अर्थाचं 'विसरणे' आलं वि + स्मृ वरून. विस्मरति मधला 'म' प्राकृतात गळाला आणि मराठीत विसरतो उरलं. शास्त्रातलं 'विसरण' आहे वि + सृ, आणि सृ म्हणजे सरणं. दोन घराण्यांतली माणसं, चेहरा तेवढा सारखा. आणि या सृ ची भावकी तरी केवढी! दिवस सरतो, पूर ओसरतो, वाट निसरडी होते, सतरंजी पसरते. सरिता त्यातली, संसार त्यातला, अभिसारिका त्यातली आणि अतिसारही त्यातलाच. सरड्याच्या मुळाशी असलेला संस्कृत 'सरट'सुद्धा सृ वरूनच साधतात. कुंपणावरचा सरडा पाहा: दोन पावलं सरतो, थबकतो, भलत्याच दिशेला वळतो. द्रवातला रेणू असाच चालतो. हा शब्द ज्याने रूढ केला त्याच्या डोळ्यांपुढे सरडा होता असं मी म्हणणार नाही, पण माझ्या डोळ्यांपुढे तो नेहमी येतो.

युरोपीय भाषांतल्या 'डिफ्यूजन'च्या पोटात लॅटिनमधलं 'ओतणं' आहे. ओतायला ओतणारा लागतो. अडोल्फ फिक या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1855 मध्ये नियम मांडला, त्यात ओतणारा कुणीच नाही: दाटीकडून विरळाकडे पदार्थ आपसूक सरतो, आणि दाटीतला फरक जितका तीव्र तितका लवकर. 'सृ' मध्ये ते आपसूकपण आहे. म्हणून आपला शब्द लॅटिनपेक्षा खरा आहे, असं माझं ठाम मत आहे. याच कारणाने विश्वकोशाचा 'तर्षण' हा शब्द मला मान्य नाही. पडद्यातून पाणी पलीकडे जातं त्याला त्यांनी तृष्, म्हणजे तहान, लावली. पाण्याला कसली तहान? पाठ्यपुस्तकांचा 'परासरण' शंभर पटींनी बरा. तो भावकीत राहतो.

हे सरणं किती संथ असतं पाहा. 25 अंशांच्या स्थिर पाण्यात साखरेच्या रेणूला एका दिशेने सरासरी 1 मिलिमीटर सरायला सुमारे 16 मिनिटं लागतात. 1 सेंटिमीटरला 160 मिनिटं नव्हे, जवळजवळ 27 तास, कारण अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. पेल्यात शाईचा थेंब टाकल्यावर ज्या निळ्या जटा झरझर खाली उतरतात, त्यांना विसरण म्हणणंही चूकच. तो जड द्रव बुडतोय.

आता 'प्रसरण' का नको याचा माझा लाडका पुरावा. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1953 मध्ये दाखवलेल्या तत्त्वावर विसरण मोजतात. केसासारखी बारीक, लांबच लांब नळी वेटोळी करून ठेवायची, तीतून द्रावक, म्हणजे विरघळवणारा द्रव, संथ सोडायचा आणि तोंडाशी द्राव्याचा, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचा, एक टिपका द्यायचा. नदीसारखंच इथेही मधलं पाणी पुढे पळतं, काठचं रेंगाळतं, त्यामुळे टिपका लांब ताणला जातो. पण रेणू आडवे सरून मध्यातून काठाला आणि काठावरून मध्याला येत राहिले, तर सगळ्यांना सरासरी वेग मिळतो आणि टिपका आखूड राहतो. म्हणजे विसरण जितकं जास्त, तितका टिपका कमी पसरतो! पलीकडच्या टोकाला तो किती रुंद होऊन बाहेर पडला यावरून विसरणाचा गुणांक, म्हणजे ते किती वेगाने होतं हे सांगणारा आकडा, निघतो. आता दोन्हींना 'प्रसरण' म्हणून हेच वाक्य लिहून पाहा: 'प्रसरण वाढलं की प्रसरण घटतं.'

राहिले मिश्र द्रावक. पाणी आणि अल्कोहोल निम्मं-निम्मं घेतलं म्हणून विसरणाचा वेग दोन्हींच्या मधोमध येईल, हा हिशेब फसतो. 25 अंशांना पाण्याची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, 0.89 मिलिपास्कल-सेकंद, इथेनॉलची सुमारे 1.07, पण दोघांच्या मिश्रणात ती 2.4 च्या आसपास चढते. दोन पातळ द्रव मिळून दाट होतात, आणि त्यात द्राव्य एकेकट्या द्रवातल्यापेक्षा सावकाश सरतं. विसरणाच्या गुणांकाचा अंदाज बांधायला विल्की आणि चँग यांचं 1955 चं सूत्र आजही वापरतात. रेणू एकमेकांना धरून राहतात त्याबद्दल त्यात पाण्याला 2.6, मिथेनॉलला 1.9 आणि इथेनॉलला 1.5 असा गुणक आहे. मिश्रणासाठी हा गुणक आणि रेणुभार यांच्या गुणाकाराची रेणूंच्या प्रमाणात सरासरी चालवून घेतात, विष्यंदिता मात्र त्या मिश्रणाचीच मोजलेली हवी.

क्रियापद करताना जपा. 'रेणू विसरतात' लिहिलंत तर ते खरोखरच विसरतील. 'विसरित होतात' लिहा. आणि त्या शीर्षकात चूक आहेच, पण ती विसरणाची नाही. विद्राव्य म्हणजे विरघळू शकणारं, ते विशेषण. विरघळलेला पदार्थ तो द्राव्य. 'मिश्र द्रावकांतील द्राव्याचे विसरण' असं हवं होतं.