जुन्या मारुतीची गळती आणि सुटे भाग

गळती दिसली की लगेच दुकान गाठू नका. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि सकाळी डाग कुठे व कोणत्या रंगाचा पडला आहे ते पाहा. काळसर, चिकट डाग बहुधा इंजिन ऑइलचा आणि हिरवट, पातळ डाग कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो. मात्र चाकाच्या आतल्या बाजूस ओल असेल, तर ती ब्रेक ऑइलची समजून दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी तिचे भाग अजून मिळतात. आर्वी किंवा पुसदला नेमका ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी) मिळाला नाही, तर जुना सील स्वच्छ पुसून त्यावरचे आकडे वाचा. ३५-५०-८ असे कोरलेले असेल, तर आतला व्यास ३५, बाहेरचा ५० आणि जाडी ८ मिलिमीटर असते. हे माप, चेसिस क्रमांक आणि फोटो नागपूर-अमरावतीच्या दुकानदाराला आधी पाठवला, तर हेलपाटा वाचतो. मापाशिवाय गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

ऑइल संप (इंजिनखालचे तेलाचे भांडे) किंवा टॅपेट कव्हर (इंजिनवरचे झाकण) भंगारातून घ्यायला हरकत नाही, पण रबरी भाग कधीही घेऊ नका. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बोनेटखालचे रबर कडक होते. जुना होज पाइप वाकवून पाहा, बारीक भेगा उघडलेल्या दिसतील. ब्रेकचे रबर पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊ नका, कारण ते फुगते. त्यासाठी ब्रेक ऑइलच वापरा.