अमेरिकाना संगीत म्हणजे कंट्रीच ना? त्याचं मूळ कुठलं आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?

कंट्री त्याच घरातलं आहे, पण घर बरंच मोठं आहे. नोकरीनिमित्त सहा वर्षं मी नॉर्थ कॅरोलायनात होतो आणि तिथे बँजो शिकलो, म्हणून उत्तराची सुरुवातही बँजोपासूनच करतो.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत जो ‘बेंजो’ वाजतो तो हा नव्हे. त्याला टाइपरायटरसारखी बटणं असतात, तो जपानी ताइशोगोतोच्या कुळातला, म्हणजे बुलबुल तरंगाचा भाऊबंद. अमेरिकेतला बँजो म्हणजे गोल कडं, त्यावर ताणून बसवलेला पडदा (पूर्वी कातडं असायचं), लांब दांडी आणि पाच तारा. पाचवी तार आखूड. तिची खुंटी दांडीच्या मधेच बसवलेली असते. ती तार बहुतेक वेळा मोकळीच ठेवतात, अंगठ्याने नुसती छेडत राहायची. सतारीतली चिकारी जे काम करते, तेच काम ती इथे करते.

मला शिकवणारे आमच्या शेजारचे सत्तरी ओलांडलेले आजोबा होते. पहिले दोन आठवडे त्यांनी मला डावा हात तारांना लावूच दिला नाही. उजव्या हाताचा पंजा वाकवायचा, बोटाचं नख वरून खाली एका तारेवर मारायचं, लगेच सगळ्या तारा एकदम झटकायच्या आणि हात वर उचलताना अंगठा आखूड तारेवरून सुटू द्यायचा. बम्-डिटी, बम्-डिटी. याला तिकडे क्लॉहॅमर म्हणतात. तो ठेका हातात बसला त्या संध्याकाळी आजोबा म्हणाले, ‘ही चाल आफ्रिकेतून आली आहे, हे कधी विसरू नकोस.’

ते खरंच आहे. सेनेगल आणि गांबियातले जोला लोक अकोंटिंग नावाचं वाद्य वाजवतात. भोपळ्यावर कातडं, काठीची दांडी, अंगठ्यासाठी आखूड तार आणि नखाने वरून खाली मारायची तीच रीत. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेच्या दक्षिणेत अशी वाद्यं नव्याने घडवली, त्यातून बँजो झाला. 1830 नंतर तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या कलाकारांनी तो रंगमंचावर नेला, पुढे तो डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरात रुळला आणि पिढ्या उलटल्यावर ‘गोऱ्यांचं वाद्य’ म्हणून ओळखला जाऊ लागला. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलेशियन डोंगरात स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडमधून आलेल्यांनी फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि जुनी कथागीतं आणली होती. 1916 पासून सेसिल शार्प हे इंग्रज संग्राहक ती टिपून घ्यायला तिथे हिंडले. फिडल आणि बँजो शेजारी शेजारी बसले, त्यात चर्चमधलं सामूहिक गाणं आणि ब्लूज, म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची गाणी, मिसळले. अमेरिकानाचं मूळ विचाराल तर ते या बैठकीत आहे.

वाटण्या नंतर झाल्या. 1920च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’ किंवा ‘ओल्ड टाइम’ अशा वेगळ्या याद्या काढल्या. वाजवणारे एकमेकांचं ऐकत होते, विकणाऱ्यांनी मात्र मधे भिंत घातली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण कंट्री ‘गोरं’ आणि ब्लूज ‘काळं’ हा समज तिथून पक्का झाला.

ब्रिस्टल हे गाव मी मुद्दाम जाऊन पाहिलं. त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध पितळी पट्ट्या बसवल्या आहेत, एका बाजूला टेनेसी, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. 1927च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी इथे तात्पुरता स्टुडिओ थाटला आणि दोन आठवड्यांत 19 कलाकारांची 76 गाणी मुद्रित केली. त्यात कार्टर फॅमिली हा घरगुती चमू होता आणि रेल्वेत ब्रेकमन (गाडीचे ब्रेक सांभाळणारा) म्हणून काम केलेले गायक जिमी रॉजर्सही होते. कंट्रीचा जन्म इथला असं सांगतात. पण कार्टर फॅमिलीचे ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला डोंगरात हिंडायचे तेव्हा त्यांच्यासोबत लेस्ली रिडल नावाचे कृष्णवर्णीय गिटारवादक असत. एक पाय गमावलेला हा माणूस. कार्टर शब्द लिहून घेत, रिडल चाल डोक्यात साठवत. चमूतल्या गिटारवादक मेबेल कार्टर रिडल यांच्याकडून गिटारच्या खुब्या शिकल्या. रेकॉर्डवर नाव मात्र कार्टरांचं.

हे एकच उदाहरण असतं तर अपवाद म्हटला असता. कंट्रीचे गाजलेले गायक हँक विल्यम्स अलाबामात ‘टी-टॉट’ म्हणजे रुफस पेन या रस्त्यावर वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकाराकडून शिकले. ब्लूग्रासचे (ही शैली काय ते पुढे येतंच) जनक बिल मन्रो केंटकीत लहानपणी आर्नल्ड शुल्ट्झ यांचं वादन ऐकत मोठे झाले, तेही कृष्णवर्णीय.

आता शैलींकडे. ओल्ड टाइममध्ये सगळे मिळून एकच धून वाजवतात, नाचणाऱ्यांसाठी, थकेपर्यंत. ब्लूग्रास म्हणजे तेच सूर दुप्पट वेगात, प्रत्येकाला आळीपाळीने एकट्याने वाजवायची संधी. डिसेंबर 1945 मध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांचा बँजो घेऊन मन्रोंच्या चमूत आले आणि ब्लूग्रासला आजचं रूप मिळालं. लुइझियानातल्या फ्रेंचभाषकांचं केजन आणि तिथल्याच कृष्णवर्णीयांचं झायडिको, टेक्सासमधलं मेक्सिकन घराण्यांचं कोनहुंतो ही अकॉर्डियनची दुनिया. कंट्रीत जी रडवेली घसरती गिटार ऐकू येते ती हवाई बेटांची देणगी. तीच हवाईयन गिटार आपल्या हिंदी चित्रपटगीतांत आली, पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही त्याच वाटेवरची, आणि त्यांनी अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर केलेल्या, 1993 साली आलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळाला.

‘अमेरिकाना’ हे नाव त्या मानाने ताजं. नॅशव्हिल या कंट्री उद्योगाच्या शहराचा चकचकीत कंट्री रेडिओ ज्यांना वाजवत नव्हता अशा कलाकारांसाठी 1995 मध्ये ‘गॅव्हिन’ या नियतकालिकाने अमेरिकाना यादी सुरू केली, 1999 मध्ये संघटना झाली, 2010 मध्ये या नावाचा पहिला ग्रॅमी गायक-ड्रमवादक लेव्हॉन हेल्म यांना मिळाला. नाव ढगळ आहे, मान्य. तरी मला ते आवडतं, कारण एकेकाळी वेगळ्या केलेल्या रेकॉर्ड्स पुन्हा एका फळीवर ठेवायची सोय त्यात आहे. ती सोय वापरली गायिका आणि बँजोवादक रियानन गिडन्स आणि त्यांच्या साथीदारांनी. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबेन गावी ऐंशी ओलांडलेले कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊन ते शिकले आणि ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ या नावाने 2011 चा ग्रॅमी घेऊन आले.

सुरुवात अशी करा. कार्टर फॅमिलीचं 1928 सालचं ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हेडफोन लावून ऐका. आवाजाकडे नको, गिटारकडे लक्ष द्या. चाल जाड तारांवर अंगठा वाजवतो आणि बारीक तारांवर बोट ठेका धरतं. दोन माणसं गिटार वाजवताहेत असं वाटेल, पण गिटारवर एकट्या मेबेलच आहेत. मग जो थॉम्पसन यांचं फिडल, त्यानंतर गिडन्स. यातलं काय भावलं ते कळवा, पुढचं त्यावरून सुचवतो.