आईचं वय ६४. बेळगावात राहते. तिला शोभतील, नीट बसतील आणि टिकतील असे तयार कपडे मिळतच नाहीत. काय करावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "साडी आता तिला झेपत नाही, आणि पंजाबी ड्रेस, कुडते घ्यायला गेलं तर आईच्या अंगाला काहीच बसत नाही." हे वाचून आधी हसू आलं, मग थोडा रागही आला. अहो, आईचं अंग काही बिघडलेलं नाही. ते कपडे तिच्यासारख्या बाईला समोर ठेवून शिवलेलेच नसतात.

मी ६७ वर्षांची. बेळगावातच, शहापूर भागात राहते. उभा जन्म साडीत गेला, शाळेत शिकवायचे तेव्हा तर कडक इस्त्रीच्या साडीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि निऱ्यांमध्ये पाय अडकायची भीती बसली, तेव्हापासून कुडत्यांवर आले. म्हणजे तुमच्या आईची आत्ता जी फरफट चाललीय ती मी चार वर्षांपूर्वी करून चुकले आहे.

माझी पहिली खरेदी सांगते. सुनेनं एका मोठ्या चकचकीत दुकानात नेलं, नाव सोडून द्या. गारगार एसी, वर गाणी चालू. बायकांच्या मजल्यावर अर्ध्या कुडत्यांना खांद्याशी खिडक्या पाडलेल्या. या वयात खांदा उघडा टाकून मी कोणाकडे हळदीकुंकवाला जाऊ? उरलेल्या अर्ध्यांत बिनबाह्यांचे निम्मे. शेवटी एक निळा सुती कुडता आवडला, डबल एक्सेल. आतल्या खोलीत जाऊन घातला. खांद्याची शिवण खांद्यावरून चांगली दोन बोटं खाली उतरलेली, गळा इतका मोठा की आतला पट्टा दिसतोय, आणि तरी दंडाला बाही अशी घट्ट की हात वर करता येईना. पोटाशी बरोबर, सीटला अडकलेला. एकाच कपड्यात ढगळ आणि तंग दोन्ही! बाहेर आले तर विकणारी पोरगी म्हणते, "बसतंय की ओ आंटी. धुतल्यावर सैल होतंय." मी म्हटलं, बाई, धुतल्यावर कपडा आटतो, सैल होत नाही. एक माप वरचं माग म्हटलं तर तिनं खालच्या मजल्यावर हाक मारली आणि कानडीत उत्तर आलं, "साईज इल्ला री." म्हणजे माप नाही.

तो कुडता मी तरीही घेतला. सुनेनं एवढं नेलं होतं, वाईट दिसू नये म्हणून. चौदाशे रुपये. तिसऱ्या धुण्याला काखेत उसवला. दुरुस्त करू म्हणून उलटा केला तर आत कपडाच सोडलेला नाही. पाव इंचावर ओव्हरलॉक मारून मोकळे. सैल करायला जागाच नाही.

असं का होतं ते मला माझ्या टेलरनं समजावलं. तयार कपड्याचा नमुना एका मधल्या मापावर बसवतात, आणि ते माप तरुण, ताठ अंगाचं असतं. पुढची मापं काढताना छाती, कंबर, सीट ठरावीक इंचांनी वाढवत नेतात, आणि त्याबरोबर खांदा, गळा, मुंढाही (बाही जोडतात तो काखेचा घेर) वाढत जातो. आता तुम्हीच सांगा, बाई जाड झाली म्हणून तिच्या खांद्याची हाडं रुंद होतात का? साठीनंतर आपलं अंग वाढतं ते पोटाशी, दंडाशी, पाठीच्या वरच्या भागात. खांदे पुढे येतात, पाठीला बाक येतो, उंची एक-दोन इंच कमी होते. छातीचा भार खाली उतरतो, त्यामुळे टक्स, म्हणजे छातीशी आकार द्यायला घातलेल्या चिमट्या, असतात तिथं अंग नसतं आणि अंग असतं तिथं टक्स नसतात. पाठ वाकली की मागे कपडा जास्त लागतो. तो नसला की गळा मागे ओढला जातो आणि मागची किनार वर उचलली जाते. फोटोत पाहिलंत तर साठीच्या बहुतेक बायकांचा कुडता मागून आखूड दिसतो. ते यामुळे.

आपल्या देशातल्या माणसांची म्हणून स्वतंत्र मापं असावीत यासाठी निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं 'इंडियासाइज' नावाचं काम हाती घेतलं. बेंगळुरू, मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, शिलाँग अशा सहा शहरांत २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची अशी योजना. फार आवश्यक काम आहे, शंका नाही. पण त्यासाठी धरलेला वयोगट बघा, १५ ते ६५. म्हणजे मी मापातूनसुद्धा निवृत्त! तुमच्या आईला अजून एक वर्ष आहे.

आमच्या आधीच्या बायकांना ही भानगडच नव्हती. सासूबाई इलकलचं लुगडं नेसायच्या आणि गुळेदगुड्डच्या खणाची चोळी, पुढे गाठ मारायची. अंग वाढलं की गाठ जरा सैल, बाळंतपणानंतर उतरलं की जरा आवळून. लुगड्याला तर मापच नाही. तेच लुगडं विशीतली नेसते आणि ऐंशीतलीही. खणाचा पन्हाच मुळी चोळीच्या बेताचा असायचा. आता त्याच खणाचे कुडते, पिशव्या, मोबाईलची पाकिटं गल्लोगल्ली लटकतायत, आणि हात लावला की कळतं, पॉलिस्टर. मे महिन्यात घालून दाखवा म्हणावं. (ओळखायची सोपी रीत: कडेचा एक धागा काढून घरी आल्यावर काडी लावा. सुती कागदासारखा जळतो, राख चुरगळते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. दुकानात करू नका, हाकलतील.)

रंगांचं तर बोलायलाच नको. "आईंसाठी दाखवा" म्हटलं की विटकरी, राखी, तपकिरी आणि तो एक शेणकट हिरवा. मला जांभळा आवडतो. मी जांभळा मागितला तर दुकानदार सुनेकडे बघतो. आणि तुम्ही एकदा बघा, आपण बाजारात जातो तेव्हा बोलतो आपण, पैसे काढतो आपण, आणि तो विचारतो बरोबरच्या तरुण बाईला. आईंबरोबर जाल तेव्हा तुम्ही मुद्दाम जरा मागे उभे राहा.

आता काय करायचं ते सांगते.

तयार घ्यायचंच असेल तर घरून टेप घेऊन निघा. आईंचा जो जुना कुडता अंगाला चांगला बसतो, तो पलंगावर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा. तो छातीचा घेर, कागदावर लिहून घ्या. एक्सेल, डबल एक्सेल या अक्षरांवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक कंपनीचं एक्सेल निराळं. मग दुकानात आधी फक्त खांदा बघा. खांदा बसला तर पुढचं बघायचं, नाही बसला तर कितीही सुंदर असो, परत टांगायचा. बाजूला सैल करता येतं, बाही सोडवता येते, खांदा मात्र उसवून नवा बसवणं म्हणजे कुडता नव्यानं शिवण्यासारखं. खांदा बसला की कुडता उलटा करा आणि बाजूची शिवण बघा. आत निदान अर्धा इंच कपडा असेल तर घ्या. त्यानंतर आईंना तो घालून खुर्चीवर बसायला सांगा. उभ्यानं सगळंच बसतं. पोटाशी ताणला जातोय का, चीर कंबरेच्या वर सुरू होतेय का, ते बसल्यावर कळतं.

पाठीमागे चेन असलेलं काही घेऊ नका. माझा डावा खांदा आखडलेला आहे, मागे हात जात नाही. एकदा अशा कुडत्यात अर्धा तास अडकून बसले होते, घरात कोणी नाही. शेवटी शेजारणीला फोन केला. तीही सत्तरीची, तिचे हात संधिवातानं वाकडे. दोघींनी मिळून ती चेन कशी उघडली ते विचारू नका. बटणं पुढे हवीत, आणि मोठी हवीत. सलवारीला नाडी असेल तर बदलून इलास्टिक घाला.

कपड्यावर 'रेयॉन' किंवा 'विस्कोस' लिहिलं असेल तर अंगाला मऊ लागेल, पण ते ओलं असताना कमजोर असतं. मशीनमध्ये पिळून काढलं की आटतं, आकार जातो. आई हातानं धुणार असतील तर ठीक.

पण खरं सांगू का, मी तयार कपडे घेणं जवळजवळ सोडलंय. आमच्याकडे अजून टेलर आहेत, ही मोठी गोष्ट. पुण्यात लेक एका साध्या कुडत्याच्या शिलाईचे जे पैसे देते त्यात माझे दोन होतात. साध्या कुडत्याला, अस्तर नसेल तर, मला साडेचारशे पडतात. कापड इथंच घ्यायचं. खडेबाजार, गणपत गल्ली, रामदेव गल्ली पायी फिरा, ताग्यातून मीटरवर सुती मिळतं. मला आवडतो तो जांभळा तिथंच मिळाला.

माझा टेलर म्हातारा आहे, माझ्याहून मोठा असेल. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं उभ्यानं मापं घेतली, मग स्टूल पुढे सरकवलं, "बसा अक्का," आणि बसल्यावर पोट आणि सीट परत मोजली. मग मागे जाऊन मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंत टेप लावला, पुढून वेगळा लावला. वहीत दोन निराळे आकडे लिहिले. म्हणाला, "तुमचं पुढचं आणि मागचं एक नाही ओ. पाठीला जरा बाक आलाय. आणि डावा खांदा उतरलाय, दप्तर वागवत होता काय?" पेपरांचे गठ्ठे वागवले होते, पस्तीस वर्षं, डाव्या खांद्यावर. डॉक्टरलाही ते आपणहून दिसलं नव्हतं. त्यानं मागची लांबी पाऊण इंच जास्त ठेवली, डाव्या खांद्याला आतून एक पातळ पट्टी दिली, काखेत एक चौकोनी कळी टाकली. तो कुडता घातला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण कपडे घातलेत, कपड्यांनी आपल्याला धरलेलं नाही.

सासूबाईंच्या दोन जुन्या इलकल लुगड्यांचेही कुडते शिवून घेतले, काठ खाली घेराला घेऊन. इलकलचा पदर वेगळ्या ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) असतो आणि अंगाला जोडून विणलेला असतो. त्या जोडाजवळ कात्री लावायला टेलर तयारच होईना. "हे उसवलं तर पाप कोणाला," म्हणाला. तो भाग तसाच घडी करून कपाटात आहे.

टेलरचे दोषही सांगते, नाहीतर तुम्ही मला शिव्या द्याल. वेळ पाळत नाहीत. मंगळवारी म्हणाला तर पुढचा मंगळवार धरा. शिवाय प्रत्येक टेलर चांगला नसतो. पुष्कळ जण तरुण मुलींच्या फॅशनच्या ब्लाउजांत गुंतलेले असतात, म्हातारीचा साधा कुडता म्हटलं की तोंड वाकडं करतात. आधी एकच शिवायला टाका, तोही स्वस्त कापडाचा. जमला तर मग चार. आणि जमलेला कुडता टेलरला नमुना म्हणून देऊन टाकू नका, तो हरवतो. कागदावर त्याचा साचा काढून घ्यायला सांगा.

आईंना समारंभाला साडी नेसायची असेल तर एक गोष्ट. साडीबरोबर येणारा ब्लाउजपीस बहुधा ८० सेंटीमीटरचा असतो. जाड दंडाच्या बाईला कोपरापर्यंत बाही हवी असेल तर तो पुरत नाही, टेलर मग बाही आखूड करतो आणि आपण लग्नभर पदर ओढत बसतो. त्याच रंगाचं एक मीटर साधं कापड निराळं घ्या. हूक पुढेच.

तुम्ही बाहेरगावी असाल तर आईंना एकट्या पाठवू नका, निदान पहिल्या खेपेला. आणि गणपतीच्या आधीच्या महिन्यात जाऊ नका. तेव्हा माझाही टेलर कापड हातात घेत नाही, नुसता वहीकडे बोट दाखवतो. आषाढात जा. पावसानं गिऱ्हाईक कमी असतं, तो निवांत असतो, स्टूल पुढे सरकवतो. उजव्या बाजूला खिसा सांगायला विसरू नका, मोबाईल मावेल एवढा. सांगितलं नाही तर ठेवत नाहीत.